गोल्फचा सराव : बादली रिकामी झाली म्हणजे सराव झाला का?

गोल्फ खेळणारा रुग्ण कंबर किंवा कोपर धरून आला, की दुखण्याची चौकशी झाल्यावर मी एक प्रश्न हमखास विचारतो : "सराव कसा करता?" उत्तर बहुतेक वेळा एकाच मापात येतं. "आठवड्यातून तीनदा रेंजवर जातो, एक बादली मारतो." क्वचित "दोन बादल्या."

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. सरावाच्या मैदानाला रेंज म्हणतात आणि तिथे चेंडू बादलीने मिळतात. कुठे पन्नासची बादली, कुठे शंभरची. एका जागी उभं राहायचं, एकामागून एक चेंडू मारायचे आणि बादली रिकामी झाली की घरी जायचं. पैसे बादलीचे दिले, म्हणून सरावही बादलीनेच मोजला जातो. विक्रीचं माप हेच व्यायामाचं माप होऊन बसलं आहे, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे.

माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या हौशी खेळाडूने सरावाचा बहुतांश वेळ जवळच्या खेळाला द्यावा. म्हणजे ग्रीनवरचं पटिंग आणि ग्रीनच्या आसपासचे छोटे, उचलून टाकलेले फटके. पूर्ण ताकदीचे फटके मोजूनमापून मारावेत, औषधाच्या गोळ्या मोजतो तसे. यात तुमच्या पाठीचा फायदा आहे, आणि स्कोअरचंही नुकसान नाही.

आधी खेळाची बाजू

हा लेख वाचून कोणी गोल्फ सोडू नये, म्हणून आधी त्याची चांगली बाजू. अठरा होलची फेरी चालत पूर्ण केली तर साधारण आठ ते दहा किलोमीटर चालणं होतं. उघड्यावर, गवतावर, चढउतारावर, गप्पा मारत. साठीनंतरच्या माणसाला याहून चांगला व्यायाम सुचवणं मला अवघड जातं. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली सुमारे तीन लाख गोल्फ खेळाडूंची माहिती तपासली. त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या आणि त्याच सामाजिक-आर्थिक स्तरातल्या इतर लोकांच्या तुलनेत या खेळाडूंमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. अर्थात मुळात धडधाकट माणसंच गोल्फ खेळायला जातात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. तरीही चालणं, मोकळी हवा आणि सोबत यांचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणजे खेळ चांगलाच आहे. गोम सरावाच्या पद्धतीत आहे.

एका स्विंगमध्ये पाठीवर काय गुजरतं

गोल्फचा पूर्ण फटका लांबून पाहिला तर डौलदार वाटतो. आत मात्र बरीच ओढाताण चाललेली असते. कमरेचे पाच मणके पुढे-मागे वाकण्यासाठी घडलेले आहेत, पिळण्यासाठी नाहीत. दोन मणक्यांमधला प्रत्येक सांधा जेमतेम दोन-तीन अंश वळतो आणि अख्खी कंबर मिळून दहा-पंधरा अंश. खरं वळण यायला हवं ते दोन ठिकाणांहून : खाली खुब्याच्या सांध्यातून आणि वर छातीच्या मागच्या मणक्यांतून.

वीस वर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाचे नेमके हेच दोन भाग आखडलेले असतात. खुबा वळत नाही, पाठीचा वरचा भाग वळत नाही आणि टीव्हीवरच्या खेळाडूसारखा पूर्ण वळसा तर घ्यायचाच असतो. मग तो वळसा कमरेतून चोरला जातो. त्यात फटक्याच्या क्षणी शरीर एका बाजूला झुकलेलं असतं आणि त्याच वेळी वेगाने फिरत असतं. अशा एका फटक्यात कमरेच्या मणक्यांवरचा दाब शरीराच्या वजनाच्या आठपटीच्या आसपास जातो, असं मोजमापांत दिसलं आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब साडेपाचशे किलोपर्यंत जातो. दाब क्षणभराचा असतो आणि निरोगी मणका तो सहन करतो. पण तो किती वेळा द्यायचा, हे आपल्या हातात आहे.

टायगर वुड्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१४ साली पाठीची पहिली शस्त्रक्रिया झाली, पुढे आणखी झाल्या आणि २०१७ मध्ये कमरेचे खालचे मणके जोडून टाकावे लागले. त्यानंतर २०१९ साली त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली, याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्यांच्या दिमतीला प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, शल्यविशारद आणि दिवसभराचा वेळ होता. आपल्याकडे रविवारची सकाळ असते आणि सोमवारी ऑफिस असतं.

कंबरेखालोखाल तक्रार असते कोपराची. दांडा गच्च आवळून धरला आणि मॅटवरून, म्हणजे खाली सिमेंट असलेल्या कृत्रिम गवतावरून, शंभर फटके मारले, की प्रत्येक वेळी जमिनीचा झटका मनगटातून कोपरापर्यंत पोहोचतो. खऱ्या गवतावर काठी मातीत थोडी शिरते आणि झटका मातीत विरतो, मॅटवर तो परत येतो. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. गंमत अशी, की उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या डाव्या कोपराची बाहेरची बाजूही तितकीच कुरकुर करते, आणि त्या दुखण्याचं नाव मात्र टेनिसच्या वाट्याला गेलं आहे.

फेरी आणि बादली : एक साधा हिशेब

समजा तुमचा स्कोअर ९५ च्या आसपास आहे. त्यातले पस्तीस ते चाळीस फटके पटिंगचे असतात. आणखी पंधरा-वीस ग्रीनच्या आसपासचे छोटे फटके. उरले पस्तीस ते चाळीस पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण फटके. हे चार-साडेचार तासांत विखुरलेले असतात. दोन फटक्यांमध्ये तुम्ही चालता, थांबता, पाणी पिता. ड्रायव्हर तर अठरा होलमध्ये जास्तीत जास्त चौदा वेळा बाहेर निघतो, कारण उरलेल्या चार होलचं अंतर सहसा एका आयर्नच्या फटक्याचं असतं.

आता बादली. शंभर चेंडू, पाऊण तास. म्हणजे दर सत्तावीस सेकंदांना एक पूर्ण फटका. तोही त्याच दिशेने, त्याच काठीने, मध्ये एक पाऊलही न चालता. अडीच फेऱ्यांचं ओझं पाऊण तासात पाठीवर टाकल्यासारखं झालं. शेवटचे तीस चेंडू थकलेल्या स्नायूंनी मारलेले असतात. पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू दमले की सगळा भार सांध्यांवर आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर येतो. "फेरीत काही होत नाही हो, सरावानंतरच दुखतं," असं रुग्ण आश्चर्याने सांगतात. हा हिशेब मांडला की त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही उरत नाही.

"पण स्कोअर तर लांबच्या फटक्यांवर ठरतो!"

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून २०१४ साली एक पुस्तक लिहिलं. दोन खेळाडूंच्या स्कोअरमधला साधारण दोन-तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांमुळे पडतो, पटिंगमुळे नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याआधीची पिढी 'पटिंग जिंकलं तो जिंकला' असं मानून चालत होती. ब्रॉडी यांनी ती समजूत आकड्यांनी मोडून काढली.

मग मी उलट सल्ला का देतो? कारण प्रश्न वेगळा आहे. स्कोअर कुठे गळतो, हा ब्रॉडी यांचा प्रश्न. पन्नाशीच्या शरीरावर कोणता सराव हजार वेळा करता येतो, हा माझा. लांबचा फटका सुधारायचा असेल तर वेग, लवचीकपणा आणि अचूक तंत्र लागतं. ते चुकीच्या पद्धतीने शंभर वेळा गिरवून येत नाही. त्यातलं बरंचसं काम रेंजच्या बाहेर होतं : खुबा मोकळा करण्यात, पायांत आणि पोटात ताकद आणण्यात, आणि चांगल्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली मारलेल्या वीस-पंचवीस फटक्यांत. याउलट तीन फुटांचा पट तुम्ही दिवसाला पन्नास वेळा मारू शकता, सत्तरीतही.

शिवाय जवळच्या खेळाला कमी लेखू नये. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. फटक्याच्या लांबीत ती त्या मैदानावर अगदी मागच्या रांगेत होती. तिला तिथवर नेलं ते पटरने. काही आठवड्यांपूर्वीच कोविड होऊन गेला होता आणि अंगात पूर्वीची ताकद नव्हती. ताकद कमी असताना काय करायचं, याचं याहून बोलकं उदाहरण आपल्या देशात दुसरं नाही.

आणखी एक गोष्ट. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलल्यावर, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर, खेळाडूला मैदानावर परत आणताना आम्ही ठरलेला क्रम देतो. आधी पटिंग, मग चिप, मग छोटे आयर्न, मग लांब आयर्न आणि सगळ्यांत शेवटी ड्रायव्हर. शरीराला सोसेल असा हा क्रम आहे, हे सगळे मान्य करतात. मग तो शस्त्रक्रिया होईपर्यंत का थांबवायचा? शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाने प्रत्येक सरावात हाच क्रम पाळला तर बिघडलं कुठे?

मेंदू कसा शिकतो

एकच फटका त्याच जागेवरून पन्नास वेळा मारला की पन्नासावा झकास बसतो. वाटतं, जमलं! रविवारी मैदानावर मात्र तोच फटका दगा देतो. याचं कारण शिकण्याच्या प्रक्रियेत आहे. १९७९ साली शी आणि मॉर्गन या संशोधकांनी एक प्रयोग केला. एका गटाने तीन हालचाली एकेक करून सलग गिरवल्या, दुसऱ्याने त्याच तीन हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट पुढे होता. कारण उघड आहे : प्रत्येक वेळी नवा प्रश्न समोर आला की मेंदूला उत्तर नव्याने शोधावं लागतं, आणि ते शोधणं हेच शिक्षण असतं. पाढे ओळीने म्हणता येणं वेगळं आणि मध्येच 'सात नव्वे किती?' याचं उत्तर देता येणं वेगळं.

दुसरा मुद्दा लक्ष कुठे ठेवायचं याचा. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्या खेळाडूंना छोटा फटका शिकवला. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना काठीच्या झोक्याकडे. काठीकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके जास्त अचूक निघाले. म्हणून "कोपर सरळ, डोकं स्थिर, मनगट असं" ही जपमाळ सोडा. काठी लंबकासारखी झुलते आहे आणि चेंडू अमुक ठिकाणी पडणार आहे, एवढंच मनात ठेवा.

करून पाहण्यासारखे सराव

१. दोन खुंट्यांचं दार. भोकापासून तीन फुटांवर चेंडू ठेवा. पटरच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून दोन टी रोवा. टींना धक्का न लावता चेंडू आत घालायचा. सलग दहा. एक चुकला की पुन्हा एकपासून. भोकाचा व्यास सव्वाचार इंच असतो. सपाट जागेवर तीन फुटांवरून दिशा सुमारे तीन अंशांनी चुकली तरी चेंडू आत जातो, दहा फुटांवरून मात्र एकच अंशाची मुभा असते. म्हणून तीन फूट आधी पक्के करा.

२. घड्याळ. भोकाभोवती तीन फुटांवर बारा, तीन, सहा आणि नऊ वाजतात त्या जागी एकेक चेंडू ठेवा. चारही जागांचा उतार वेगळा असतो. चारही गेले की चार फुटांवर सरका.

३. शिडी. दहा, वीस आणि तीस फुटांवर खूण करा. भोक विसरा, चेंडू खुणेजवळ थांबवायचा. क्रम दर वेळी बदला. तीनदा पट करावा लागतो तो बहुधा अंतर चुकल्यामुळे, दिशा चुकल्यामुळे नव्हे.

४. पंचा. ग्रीनच्या कडेवरून चिप करताना चेंडू जिथे पहिल्यांदा टेकावा असं वाटतं तिथे हातपुसायचा पंचा पसरा. लक्ष्य पंचा, झेंडा नव्हे. तीन वेगवेगळ्या काठ्यांनी मारून पाहा. चेंडू टेकल्यावर किती घरंगळतो हे डोळ्यांना कळू लागतं.

५. अठराचा डाव. ग्रीनच्या आसपास नऊ वेगवेगळ्या जागी चेंडू टाका. प्रत्येक जागेवरून एक चिप आणि एक पट, म्हणजे दोन फटके अपेक्षित. एकूण अठरा. तुमचा आकडा वहीत लिहून ठेवा. सुरुवातीला २५-२६ आले तरी नाउमेद होऊ नका. दोन महिन्यांत तो कुठवर उतरतो ते पाहा. वृद्धत्वात वाढत न जाणाऱ्या आकड्यांपैकी हा एक आहे.

६. नऊ ते तीन. पूर्ण स्विंगसाठी. शरीर म्हणजे घड्याळ समजा. हात मागे नऊपर्यंत आणि पुढे तीनपर्यंत, बस. सात नंबरची आयर्न, निम्मा जोर. चेंडू काठीच्या मध्यावर बसतो की नाही एवढंच पाहायचं.

७. पाय जुळवून. दोन्ही पावलं जवळजवळ चिकटवून हलके फटके मारा. जास्त जोर लावलात तर तोल जाईल. काही बोलायची गरज न पडता तोल आणि लय शिकवणारा हा गुरू आहे.

तासाभराची वाटणी अशी करता येईल : दहा मिनिटं अंग मोकळं करणं, वीस मिनिटं पटिंग, पंधरा मिनिटं चिप आणि पंधरा मिनिटं पूर्ण स्विंग. त्या पंधरा मिनिटांत पंचवीसेक चेंडू, त्यातले पूर्ण जोराचे दहाच. प्रत्येक चेंडूमागे थांबा, लक्ष्य बदला, काठी बदला. पंचविसाचा आकडा हा माझा ठोकताळा आहे. तिशीतल्या तयार खेळाडूला तो जाचक वाटेल, पण त्याच्यासाठी हा लेख नाही.

जवळचा खेळही अगदीच निरुपद्रवी नाही

पटिंग करताना माणूस वाकलेला असतो. अर्धा तास सलग वाकून उभं राहिलात तर कंबर आखडणारच. म्हणून दहा मिनिटांनंतर सरळ व्हा, कमरेवर हात ठेवून हळूच मागे झुका, थोडं चाला. भोकातून चेंडू काढताना दोन्ही गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकू नका. पटरचा आधार घ्या, एक पाय मागे उचला आणि खुब्यातून पुढे झुका. मैदानावरचे जुने कॅडी पाहा, त्यांतले अनेक जण असंच वाकतात. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, शरीरानेच शिकवलेलं असतं.

काहींना ऐन छोट्या पटच्या वेळी मनगट अचानक झटका देतं. याला 'यिप्स' म्हणतात. हा प्रत्येक वेळी भित्रेपणा नसतो. काही जणांमध्ये तो विशिष्ट कामापुरता स्नायूंच्या नियंत्रणातला बिघाड असतो, लिहिताना बोटं वळण्याच्या आजारासारखा. अशा वेळी आणखी हजार पट मारून उपयोग होत नाही. पकड बदलणं, पटर बदलणं यांनी अनेकांना फायदा होतो. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांनी पकड बदलत बदलत यावर मात केली आणि पुढे दशकानुदशकं खेळत राहिले.

घरी करायची दोन कामं

पहिलं, खुबा तपासा. खुर्चीत ताठ बसा, गुडघे काटकोनात. गुडघा जागेवर ठेवून डावं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. मग उजवं. दोन्हींत ठळक फरक आहे का? उजव्या हाताने खेळणाऱ्याला फटक्यानंतर डाव्या खुब्यावर वळावं लागतं. डावा खुबा आतल्या बाजूला वळत नसेल तर ते वळण कमरेला द्यावं लागतं. खुब्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. तोवर उभं राहताना डाव्या पावलाचा चवडा लक्ष्याच्या दिशेने थोडा उघडा ठेवा आणि काठी मागे नेताना डावी टाच थोडी उचलू द्या. जॅक निकलस यांची टाच उचलली जायची. तुमची उचलली तर त्यात कमीपणा नाही. नितंब घट्ट रोखून फक्त खांदे वळवायचे, ही तरुणांची तऱ्हा पन्नाशीत नको.

दुसरं, पहिल्या चेंडूआधी दहा मिनिटं. पाच मिनिटं भरभर चाला. मग खांद्यांवर काठी आडवी धरून हळूहळू डावी-उजवीकडे वळा, पाय झुलवा, अर्ध्या-उठकबैठका काढा आणि चेंडूशिवाय हळू ते वेगवान असे आठ-दहा स्विंग करा. गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर उचलणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की थंडीच्या सकाळी गाडीसुद्धा पहिल्या मिनिटाला चौथ्या गिअरमध्ये टाकत नाहीत.

कधी थांबायचं, कधी डॉक्टर

सरावानंतर दोन्ही बाजूंना सारखा जडपणा येऊन तो एक-दोन दिवसांत गेला तर काळजी नको. पण पुढील गोष्टी दिसल्या तर काठी खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा :

- दुखणं कमरेतून पायात, गुडघ्याखाली उतरणं, मुंग्या येणं, पाऊल लुळं वाटणं.
- रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, किंवा सोबत ताप आणि वजन घटणं.
- नव्याने खेळू लागल्यावर, भरपूर सरावानंतर बरगडीवर एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं. हे बरगडीला गेलेली बारीक चीर असू शकते.
- फटका जमिनीवर आपटल्यावर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाजवळ राहिलेली वेदना. तिथलं एक छोटं हाड मोडतं आणि साध्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा सुटतं.
- हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असलेल्या व्यक्तीला, विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांना, फटक्यानंतर पाठीत अचानक उठलेली कळ.

लघवी अडणं, किंवा मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा येणं याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि मैदानावर छातीत दडपण आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर "स्विंगमुळे स्नायू दुखावला असेल" असं म्हणून पुढच्या होलकडे जाऊ नका.

क्लबांना आणि प्रशिक्षकांना एक विनंती

पुण्याचा गोल्फ क्लब १९१९ सालचा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ सालचा. खारघरला सिडकोने मैदान केल्यापासून सदस्यत्व नसलेल्यांनाही या खेळाची वाट थोडी उघडली आहे. निवृत्तीच्या आसपास काठी पहिल्यांदा हातात घेणारे आता बरेच दिसतात. त्यांचं पहिलं पाऊल रेंजवरच्या बादलीत पडू नये. पहिले चार-सहा धडे पटिंग ग्रीनवर द्या, मग चिप, मग पूर्ण स्विंग. रेंजवर पंचवीस चेंडूंची छोटी बादली ठेवा. दुकानात छोटी पुडी मिळाली तर माणूस छोटी पुडी घेतो.

आणि खेळाडूंनो, हा सराव स्वस्तही आहे. घरातली सपाट सतरंजी, एक पटर, तीन चेंडू आणि भोकाच्या जागी उपडी ठेवलेली वाटी. रोज दहा मिनिटं. पाऊस असो, ऊन असो, रेंज बंद असो. पुढच्या वेळी कोणी विचारलं, "किती बादल्या मारल्या?", तर त्यांना तुमच्या वहीतला अठराच्या डावाचा आकडा सांगा.